२४ लिटर पाणी, झाडं आणि एक फायटर: नऊ महिन्यांनंतर

गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये माशाची टाकी भरली होती. आता मे संपत आलाय. मधल्या काळात पावसाळ्याचा शेवट, पुण्याची थंडी आणि टँकरचा उन्हाळा असं सगळं झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

टाकी साधी काचेची, १५ इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच. काठोकाठ भरली तर २९ लिटरच्या थोडी वर जाते, पण माती, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी २४ लिटर उरतं. खाली थर्माकोलची शीट, वर झाकण, कारण फायटर मासा उडी मारतो. फिल्टर म्हणजे एक मुठीएवढा स्पंज, सगळ्यात लहान एअर पंप आणि हवा कमी करायला नळीत एक व्हॉल्व्ह. बाकीचं काम झाडांचं. मासा एकच, निळा प्लाकाट, म्हणजे आखूड शेपटीचा. लांब झुपकेदार शेपटीचे दिसतात सुंदर, पण ती शेपटी ओढत पोहताना त्यांची दमछाक होते, ते मला बघवत नाही.

दुकानातल्या काकांनी आधी काचेची वाटीच पुढे केली होती. "ताई, हा भाताच्या खाचरातला मासा. याला फिल्टर नको, काही नको." खाचरातला हे खरंच आहे. थायलंडच्या भातशेतीत आणि उथळ पाण्यात तो सापडतो, आणि २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. पण माझं माहेर कोकणात, खाचर मी पाहिलंय. पाणी घोटाभर असलं तरी ते बांधापासून बांधापर्यंत पसरलेलं असतं. त्यात रोपं, शेवाळ, किडे असतात, खाली जिवंत चिखल असतो. वाटीत यातलं काय असतं? मासा वाटीत जगतो, कारण त्याला कल्ल्यांशिवाय लॅबिरिंथ नावाचं आणखी एक श्वसनेंद्रिय आहे आणि तो वर येऊन थेट हवा घेतो. हवेने श्वास भागतो, पण त्याच्याच विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया काही त्या हवेने कमी होत नाही.

म्हणून मासा आणायच्या आधी सहा आठवडे नुसती टाकी चालवली. तळाशी इंचभर चाळलेली लाल माती, शेणखत आणि गांडूळखत न घातलेली. त्यावर दीड इंच वाळू. ती धुवायलाच अर्धा रविवार गेला. वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती मातीत लावली. अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने लाकडाला बांधलं, त्यांचं खोड वाळूत पुरलं की कुजतं. क्रिप्टोकोरिनची पानं दहा दिवसांत विरघळून गेली. मीही उपटून टाकायला निघाले होते, पण थांबले. मुळं जिवंत असतात, महिन्याभरात नवे कोंब वर आले. रोज चिमूटभर मासेखाद्य टाकत होते, म्हणजे ते कुजून अमोनिया होईल आणि तो खाणारे जिवाणू वाढतील. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, एवढी ही साखळी. पाचव्या आठवड्यात पाणी तपासायच्या थेंबांच्या टेस्टकिटवर पहिले दोन्ही शून्य आले. आणखी एक आठवडा शून्यच राहिले, तेव्हा मासा आणला.

कमी फिल्टर ठेवण्याचं कारण मासाच आहे. जोरदार फिल्टरच्या प्रवाहात तो एका कोपऱ्यात अडकून बसतो. आमच्या टाकीत सेकंदाला दोन-तीन बुडबुडे सुटतात, तेवढ्याने पाणी हलतं आणि रात्री आवाजही येत नाही. वीज गेली तरी धावपळ नाही. पण स्पंजाचं खरं काम घाण गाळणं हे नाहीच, तो जिवाणूंचं घर आहे, हे मला जानेवारीत नीट कळलं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी ऑफिसला गेलेली. संध्याकाळी घरी आले तर स्पंज पिवळाधमक, नवा असावा तसा. "अगं, किती बुळबुळीत झाला होता. नळाखाली चांगला घासून ठेवला." त्यांनी मायेनेच केलं होतं, आणि दोष माझा, मी कुणाला सांगूनच ठेवलं नव्हतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात. तिसऱ्या दिवशी मासा पर अंगाला चिकटवून हीटरमागे बसला होता, समोर दाणा टाकला तरी हलेना. टेस्टच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवट झालं, अमोनिया ०.५. पुढचे पाच दिवस रोज पाव टाकी पाणी बदललं, खाणं बंद ठेवलं. सहाव्या दिवशी आकडा शून्यावर आला. नुसत्या वाळूच्या टाकीत हे इतक्या लवकर आवरलं नसतं असं माझं ठाम मत आहे. झाडं अमोनिया थेट खातात, आणि वाळूत, पानांवर, लाकडावर उरलेले जिवाणू होतेच. आता स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्याच्या बादलीत तीन-चार वेळा दाबायचा, बस. सासूबाईंना ते आता माझ्याहून चांगलं जमतं.

सगळ्यात जास्त काम करते ती वर तरंगणारी गोंडाळ. तिला दुकानात वॉटर लेट्यूस म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला फुकट मिळतो, त्यामुळे ती भराभर वाढते आणि पाण्यातलं नायट्रेट ओढून घेते. पण डिसेंबरात तिने अख्खा पृष्ठभाग झाकला, खालच्या झाडांना उजेड मिळेना आणि माशाला वर यायला जागा शोधावी लागत होती. आता दर रविवारी निम्मी काढते आणि कुंडीतल्या कंपोस्टमध्ये टाकते. नदीनाल्यात कृपा करून टाकू नका, आपल्या मुळा-मुठेला जलपर्णीच पुरे झाली आहे.

थंडीत पाणी २० अंशांवर उतरलं तेव्हा मासा तळाशी पडून राहायला लागला. २५ वॉटचा हीटर २६ अंशांवर लावला, दोन दिवसांत तो पुन्हा फिरायला लागला. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, उघडा पडला तर त्याची काच तडकते. उन्हाळ्यात अडचण वेगळीच. सोसायटीत टँकर सुरू झाले, बोअरचं जड पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर महापालिकेचं पाणी शंभरच्या आसपास दाखवायचं, टँकरचं सहाशेच्या वर. पहिल्यांदा तेच ओतलं आणि मासा दोन दिवस गप्प होता. तेव्हापासून महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवते, त्यात क्लोरिन घालवणाऱ्या अँटिक्लोरचे थेंब टाकते आणि आठवड्याला पाच लिटर बदलते. सोसायटीतल्या देशी बदामाच्या झाडाची गळलेली वाळकी पानं धुऊन एक-दोन टाकीत असतातच. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. काहींना तो घाण वाटतो, मला आवडतो, आणि माशालाही त्या पानाखाली बसायला आवडतं.

खाणं दिवसाला चार दाणे, शनिवारी उपास. त्याचं पोट डोळ्याएवढंच असतं, म्हणून हात आखडताच ठेवावा लागतो. बाल्कनीतल्या बादलीत डासांच्या अळ्या सापडल्या तर मेजवानी. आधी तो थबकतो, अंग किंचित वाकवतो, दोन्ही डोळे अळीवर लावतो, आणि मग झडप इतकी झटकन की पाण्यावर फक्त एक टिचकी ऐकू येते. पर फुलवून काचेशी येतो तेव्हा कल्ल्यांच्या आतली लालसर कड दिसते. पहिलं फेसाचं घरटं त्याने ऑक्टोबरच्या शेवटी बांधलं, गोंडाळीच्या मुळांत. लेक म्हणते त्याला मित्र आणू. दोन नर एका टाकीत ठेवायचे नाहीत हे तिला पटवायला बराच वेळ लागला. झाडांबरोबर फुकट आलेल्या गोगलगायींवर तिने समाधान मानलंय. त्या उरलेलं खाणं संपवतात. जास्त झाल्या तर मला कळतं की मी दाणे जास्त टाकतेय.

खर्चात सगळ्यात महाग टेस्टकिट पडलं, टाकी आणि मासा मिळून त्याहून कमी. तरी किट टाळू नका, जानेवारीत त्यानेच वाचवलं.

सध्या एकच दुखणं आहे. अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडेला काळं, केसासारखं शेवाळ धरलंय. चोळून निघत नाही आणि गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. टायमरवर लाईट सात तास होता, तो सहावर आणलाय आणि सगळ्यात खराब तीन पानं कापली. नव्या पानांवर अजून काही दिसत नाही.