काउचडीबी: वाशीच्या मसाला मार्केटमधून

आमच्या साठ्याच्या नोंदींना आधी पोस्टग्रेस (डेटाबेस) होतं. त्याची स्टँडबाय (राखीव) प्रत फक्त वाचायला. नेट गेलं की गोदामात नोंद बंद. आता गाळ्यावर काउचडीबी हा डेटाबेस, गोदामातल्या टॅबवर पाउचडीबी, म्हणजे त्याच्याशी जुळणारा, ब्राउझरमध्ये चालणारा छोटा डेटाबेस. रेंज नसली तरी आवक लिहा, नेट आलं की आपसूक जुळतं. झकास!

पण हळदीच्या एकाच लॉटचं वजन दिवाणजींनी गाळ्यावर आणि मी गोदामात बदललं तर? ज्या नोंदीची बदलांची साखळी लांब, ती जिंकते. बरोबरी झाली तर जिच्या रिव्हिजनचा (आवृत्तीचा) हॅश, म्हणजे आपोआप निघणारा सांकेतिक क्रमांक, मोठा ती. काउचडीबी घड्याळ बघतच नाही. कोणाचं वजन खरं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हरलेली नोंद मात्र पुसत नाही, 'कॉन्फ्लिक्ट्स' (टक्कर झालेल्या नोंदी) मागितलं की दाखवतो. निवाड्याचा कोड आपणच लिहायचा. ही टक्करच टाळायला आम्ही आता प्रत्येक आवक-जावक स्वतंत्र नोंद ठेवतो, साठा बेरजेने काढतो.