ज्येष्ठांसाठीची ओपीडी: कोथरूडमधील एका फिजिशियनच्या सेवेविषयी

कोथरूडमध्ये एक एमडी मेडिसिन झालेले डॉक्टर आहेत, जे आता जवळजवळ पूर्णवेळ ज्येष्ठांचेच आजार पाहतात. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही आईला त्यांच्याकडे दाखवत आहोत. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण अशा ओपीडीत नेमके काय घडते आणि काय घडायला हवे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. आईचे वय ७९ आहे. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखीची औषधे तिला वर्षानुवर्षे चालू होती. त्यात अलीकडे पायांवर सूज, चालताना तोल जाणे आणि मधूनच गोंधळल्यासारखे होणे यांची भर पडली होती. या सेवेबद्दल माझे मत फार चांगले झाले, ते या डॉक्टरांनी नवे औषध लिहिण्याआधी जुनी औषधे नीट वाचली म्हणून.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगितले जाते की घरात असलेली सगळी औषधे, म्हणजे पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, चूर्ण आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा, पिशवीत घालून आणावीत. डॉक्टरांनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली आणि प्रत्येक पट्टीवरचे कंपनीचे नाव बाजूला ठेवून खालचे बारीक अक्षरातले घटक वाचायला सुरुवात केली. हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबासाठी दिलेली अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी एका पट्टीत होती. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या, वेगळ्याच नावाच्या संयुक्त गोळीत टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाच्या जोडीला पुन्हा तेच अ‍ॅम्लोडिपिन तेवढ्याच मात्रेत होते. या औषधाने पायांवर सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की ती शक्यताही वाढते. त्या सुजेसाठी एका मोठ्या रुग्णालयात आईला लघवी वाढवणारी टॉर्सेमाइडची गोळी सुरू झाली होती. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून तिसऱ्या ठिकाणी ऑक्सिब्युटिनिन हे लघवीची घाई कमी करणारे औषध मिळाले. त्याने तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, म्हणून इसबगोल आले. गोंधळलेपणाही याच ऑक्सिब्युटिनिनमुळे वाढू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध देण्याची ही साखळी डॉक्टरांनी कागदावर बाण काढून आम्हाला दाखवली आणि तो कागद फाइलला लावून दिला.

त्यांनी सगळे एकदम बंद केले नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते. आमच्यासमोर हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून त्यांनी आधी दुहेरी अ‍ॅम्लोडिपिन काढले, मग सूज उतरल्याची खात्री करून टॉर्सेमाइड कमी केले आणि त्यानंतर ऑक्सिब्युटिनिन थांबवले. प्रत्येक बदलानंतर घरी रक्तदाब कधी मोजायचा आणि काय झाले तर लगेच कळवायचे, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिले. मधुमेहाचे मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असल्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व तपासले, ते कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली. म्हणजे जेथे औषधाची गरज होती तेथे ते दिलेही.

तपासणीची पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे. डॉक्टरांनी खुर्ची आईच्या समोर ओढून घेतली आणि प्रश्न मला न विचारता तिलाच विचारले. ती आठवायला वेळ घेई तेव्हा ते थांबत. मी मध्ये उत्तर देऊ लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "ताई, तुमचं नंतर ऐकतो, आधी काकूंना बोलू द्या." रक्तदाब आधी आडवे झोपवून आणि नंतर उभे करून, असा दोनदा मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर तोल जाण्याचे एक कारण हाती लागते. आईचा तो १४८ वरून १२२ वर आला. त्यानंतर खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे, एवढी साधी चाचणी घड्याळ लावून झाली. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे मानतात आणि आईला १९ लागले. तीन शब्द लक्षात ठेवणे, घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणे, भूक, झोप, मन उदास असते का, ऐकू कितपत येते, कवळी नीट बसते का, अशी सगळी चौकशी झाली. शेवटी त्यांनी विचारले, "काकू, तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करता यायला हवं?" आई म्हणाली, "समोरच्या इमारतीत भजनी मंडळ असतं, तिथे एकटीला जाता यावं." फिजिओथेरपीचे व्यायाम, चपलेऐवजी मागून पट्टा असलेले पादत्राण आणि काठीची उंची, हे सर्व त्या उत्तरावरून ठरले. ज्येष्ठांच्या उपचारांत आकड्यांइतकेच हे उत्तर मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

डॉक्टरांची आजवरची वाटचाल समजली की या पद्धतीचे मूळ कळते. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप आणि तीन वर्षांचे एमडी झाल्यावर त्यांनी बरीच वर्षे अतिदक्षता विभागात काम केले. तेथून वाचून घरी गेलेले वृद्ध रुग्ण महिन्याभराने परत भेटत, तेव्हा फुप्फुस आणि हृदय ठीक असूनही त्यांना उठून संडासला जाता येत नसे, हे सतत पाहिल्यामुळे आपण ज्येष्ठांच्या आजारांच्या शाखेकडे, म्हणजे जेरियाट्रिक्सकडे वळलो, असे त्यांनी सांगितले. भारतात या शाखेचा स्वतंत्र पाया प्रा. व्ही. एस. नटराजन यांनी मद्रासमध्ये घातला. तेथील सरकारी रुग्णालयात १९७८ मध्ये वृद्धांची ओपीडी सुरू झाली आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचे एमडी शिक्षण सुरू झाले. आजही ही पदवी देणारी महाविद्यालये देशात मोजकीच असल्याने आपल्याकडे हे काम करणारे बहुतेक डॉक्टर मूळचे मेडिसिनचेच असतात. ज्या शाखेत शस्त्रक्रिया नाहीत, यंत्रांच्या तपासण्या कमी आहेत आणि एका रुग्णाला पाऊण तास द्यावा लागतो, ती शाखा निवडणे आर्थिकदृष्ट्या सोपे नाही. म्हणून तिच्याकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरांविषयी मला विशेष आदर वाटतो.

दवाखाना तळमजल्यावर आहे, उतार आहे, खुर्च्यांना हात आहेत आणि स्वच्छतागृहात धरायला दांडे आहेत. स्वागतकक्षातील ताई ऐकू न येणाऱ्यांशी समोर येऊन, ओठ दिसतील अशा बेताने बोलतात.

उणिवाही आहेत. पहिल्या भेटीसाठी तारीख बरीच पुढची मिळते आणि तोल जाऊन पडलेल्या रुग्णासाठी इतके थांबणे योग्य नाही. अशांसाठी दर आठवड्याच्या काही अपॉइंटमेंट राखून ठेवाव्यात, असे मी तेथे सुचवले आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटीची सोय फक्त जवळच्या परिसरापुरती आहे. रक्त तपासणीला वेगळ्या ठिकाणी जावे लागते, जे चालायला त्रास असलेल्यांना जड जाते.

पहिल्या भेटीची फी नेहमीच्या फिजिशियनपेक्षा अधिक आहे, परंतु आमचा औषधांचा मासिक खर्च त्यानंतर कमी झाला. सत्तरीपुढील सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झालेल्या आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अशी ओपीडी तिच्यात बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. केवळ सर्दी-तापासाठी येथे येण्याची गरज नाही, त्याला घराजवळचे डॉक्टर पुरेसे आहेत. ज्यांना पाच किंवा अधिक औषधे चालू आहेत, जे वर्षभरात एकदा तरी पडले आहेत, ज्यांचे वजन कारणाशिवाय उतरते आहे किंवा ज्यांच्या स्मरणशक्तीविषयी घरच्यांना काळजी वाटते, त्यांनी मात्र अवश्य दाखवावे. येताना रोज औषधे काढून देणाऱ्या व्यक्तीलाच सोबत आणावे, मग ती सून असो, मुलगा असो वा कामाला येणाऱ्या मावशी, कारण डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिलाच ठाऊक असतात.