‘चष्मा कायमचा जाईल’ असे सांगून गळ्यात मारलेली लेन्स

नाशिकमधील एका खासगी नेत्ररुग्णालयात माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी तपासणी पाच मिनिटांत उरकून मला काउन्सेलर मॅडमकडे पाठवले. मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारी लेन्स ही ‘शिबिरात बसवतात ती’, असे म्हणून त्यांनी ती बाजूला सारली आणि मल्टिफोकलने जवळचे-दूरचे सारे स्वच्छ दिसून चष्मा कायमचा जाईल, असे छातीठोकपणे सांगितले. २२ हजारांऐवजी मी ६८ हजार रुपये मोजले.

मी द्राक्ष बागायतदार असून हंगामात रात्री-अपरात्री आग्रा महामार्गावर गाडी चालवतो, हे मी आपणहून सांगितले होते. त्यावर “काही अडचण येत नाही, काका,” एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक या लेन्सवरील सूक्ष्म वलये प्रकाश जवळच्या आणि दूरच्या नजरेसाठी वाटून देतात, त्यामुळे स्पष्ट प्रतिमेवर दुसऱ्या अंधुक प्रतिमेची छाया राहते, फिक्या छटांमधला फरक कमी जाणवतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. हे सारे संमतिपत्रात होते म्हणे. पण ते इंग्रजी पत्र माझ्यापुढे आले ते बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर, म्हणजे जवळचे अंधुक दिसत असताना, आणि सहीची जागा मॅडमनी बोट ठेवून दाखवली.

पुढे डाव्या डोळ्यात दुसऱ्या डॉक्टरांकडून दूरच्या नजरेची मोनोफोकल लेन्स बसवून घेतल्यामुळे आता दोहोंची तुलना रोजच होते. रात्री द्वारका चौकात डावा डोळा झाकला, की प्रत्येक ट्रकच्या दिव्याभोवती कोळ्याचे जाळे पसरते. उजवा झाकला, की दिवा दिव्यासारखा दिसतो. पहाटे बागेत पानावरची कोवळी भुरी, म्हणजे बुरशीची हिरव्यावर जेमतेम राखाडी झाक, डाव्या डोळ्याला वाचनाचा चष्मा लावून लगेच ओळखू येते. उजव्याला ती ऊन चढेपर्यंत कळत नाही. भर उजेडात वर्तमानपत्र मात्र उजवा डोळा चष्म्याविना वाचतो, आणि रात्री गाडी न चालवणाऱ्याला हीच लेन्स मानवेलही.

तक्रार केल्यावर “सवय होईल,” असे उत्तर मिळाले. काहींना ती होतेही, मला झाली नाही. आणि जितका काळ लोटतो तितकी बसलेली लेन्स काढणे जोखमीचे होते, असे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, म्हणून वकिलांना भेटलो. पावती आणि लेन्सच्या खोक्यावरचे स्टिकर माझ्याकडे आहे. पण दिलेला शब्द केसपेपरवर कुठेच नाही. ऑपरेशन ठरलेल्यांनी संमतिपत्र आदल्या दिवशी मराठीतून मागावे आणि चष्मा जाण्याचे आश्वासन डॉक्टरांच्याच हातून लिहून घ्यावे.