बंडखोर रोमन सम्राटांच्या नाण्यांसाठी यूएसबी मायक्रोस्कोप : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडात राहून मी रोमन साम्राज्याच्या उत्तरार्धातली नाणी जमवतो. त्यातही जीव अडकलाय तो बंडखोरांमध्ये. सैन्याच्या जोरावर स्वतःला सम्राट म्हणवून घ्यायचं, चार-सहा वर्षं नाणी पाडायची आणि मारलं जायचं, अशी ही माणसं. त्यांची नाणी वाचायला दहापट भिंग पुरत नव्हतं, म्हणून स्टँडसकट मिळणारा स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप घेतला.

खोक्यावर 'हजारपट' छापलंय, तिकडे लक्ष देऊ नका. नाण्यासाठी वीस ते पन्नास पट पुष्कळ झालं. त्यापुढे गेलं की गंजाचे खडे दिसतात आणि अक्षर हरवतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट प्रकाशाची. भिंगाभोवतीचे एलईडी वरून सरळ उजेड टाकतात आणि नाणं सपाट, चकचकीत दिसतं. ते बंद करून टेबललॅम्प एका बाजूला, अगदी खाली ठेवायचा. मग झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि नाण्यावर कोरलेला मजकूर, म्हणजे लेख, उठून येतो. यंत्राचे पैसे मला इथे वसूल झाले.

कॅरॉसियसचंच घ्या. हा इंग्लिश खाडीतल्या रोमन आरमाराचा प्रमुख. 286 मध्ये त्याने ब्रिटन आणि गॉलचा (साधारण आजचा फ्रान्स) उत्तर किनारा ताब्यात घेतला. सुरुवातीला त्याने बऱ्याचदा आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला. तिरप्या उजेडात कॅरॉसियसच्या जाड मानेखालून जुन्या लेखाची दोन-तीन अक्षरं वर येतात, कधी जुन्या किरणमुकुटाची टोकं दिसतात. तांब्याच्या एकाच तुकड्यावर दोन राजवटी! असं नाणं पडद्यावर पाहताना मी जेवण विसरलोय.

त्याच्या 'पाक्स' म्हणजे शांतिदेवतेच्या नाण्यांवर 'ऑगस्टस' या सम्राटाच्या पदवीच्या लघुरूपातले (AVG) शेवटचे 'जी' मोजा. एक असेल तर एक ऑगस्टस, तीन असतील तर तीन. तीन 'जी' पाडून कॅरॉसियस सांगत होता की डायोक्लेशियन, मॅक्झिमियन (त्या वेळचे अधिकृत सम्राट) आणि मी असे तिघे बरोबरीचे सम्राट आहोत. त्या दोघांनी हे कधी मान्य केलं नाही. एका नाण्यावर तर तिघांचे चेहरे शेजारीशेजारी आहेत आणि लेखाचा अर्थ 'कॅरॉसियस आणि त्याचे भाऊ'. एवढं राजकारण मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरात दडलेलं असतं. 293 मध्ये त्याच्याच अलेक्टस नावाच्या अधिकाऱ्याने त्याला मारलं. अलेक्टसच्या छोट्या नाण्यांवरच्या जहाजाची वल्हीसुद्धा आता नीट मोजता येतात.

मॅग्नेन्शियस या पुढच्या बंडखोराच्या (350 ते 353) मोठ्या तांब्याच्या नाण्यांना मायक्रोस्कोपची फार गरज नाही. मागच्या बाजूला भलंमोठं काय-रो चिन्ह (ख्रिस्ताच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं) आणि त्याच्या दोन्ही अंगांना अल्फा-ओमेगा साध्या डोळ्यांनाही दिसतात. खालची टाकसाळीची खूण मात्र बहुतेक वेळा अर्धी कापलेली असते, तिथे यंत्र कामाला येतं. मॅग्नस मॅक्सिमस या आणखी एका बंडखोराची छोटी तांब्याची नाणी नखाएवढी आणि वजनाला ग्रॅमभर. ती मायक्रोस्कोपशिवाय वाचूच नयेत.

बनावट नाणी ओळखायला उपयोग होतो, पण मर्यादित. ओतीव नकलेत बुडबुड्यांचे गोल खळगे, मऊ पडलेल्या कडा आणि काठावर साच्याची रेघ दिसते. नवीन ठसा कोरून पाडलेली चांगली नक्कल यात पकडता येत नाही. तिथे 0.01 ग्रॅमचा वजनकाटा, व्हर्नियर आणि खात्रीचा विक्रेता यांनाच पर्याय नाही. आणि नकली ठरवायची घाईही नको. डोमिशियानस नावाच्या बंडखोराचं एकच नाणं 1900 मध्ये फ्रान्समध्ये मिळालं होतं आणि त्यावर संशय होता. 2003 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्हला एका मडक्यातल्या नाण्यांत दुसरं निघालं आणि तो माणूस इतिहासात परत आला. फक्त नाण्यांवरूनच माहीत असलेल्या स्पॉन्सियन नावाच्या सम्राटाच्या सोन्याच्या नाण्यांवर 2022 मध्ये संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे आणि घट्ट बसलेले मातीचे कण तपासले आणि ती खरी असल्याचं मांडलं. अनेक नाणेतज्ज्ञांना ते अजून पटलेलं नाही. त्या कामाला प्रयोगशाळेतली साधनं लागतात, हे आपलं टेबलावरचं यंत्र नव्हे.

तक्रारी दोन. स्टँड इतका हलका आहे की फोकस फिरवताना चित्र पळतं. मी तो जड लाकडी फळीवर स्क्रूने बसवला. दुसरी, फोकसचं चाक काही महिन्यांत सैल झालं, आता ते एका जागी थांबत नाही. सोबतचं सॉफ्टवेअर टाकलंच नाही, संगणकातल्या साध्या कॅमेरा ॲपवर काम भागतं.

अनपेक्षित फायदा म्हणजे गंजावर नजर राहते. फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपकी (पसरणाऱ्या गंजाची खूण) दिसली की ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं करून कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवतो. दर महिन्याला त्याच जागेचा फोटो काढला की ठिपका वाढतोय का ते कळतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांमुळे नाणी खराब होतात, म्हणून त्यांतली नाणीही याच निमित्ताने बाहेर काढली.

संग्रहात मोजकीच मोठी नाणी असतील तर चांगलं दहापट भिंग घ्या आणि उरलेल्या पैशांत एखादा कॅरॉसियस घ्या. चौथ्या शतकातल्या चिमुकल्या तांब्याच्या नाण्यांकडे वळणार असाल तर मायक्रोस्कोप घ्याच, मात्र धातूच्या जड स्टँडचा.