गॅस संपला नव्हता आणि कॉम्प्रेसर बदललाच नव्हता

मे महिन्यात अमरावतीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गाडीचा एसी बंद पडला की काय हाल होतात. माझी गाडी सात वर्षांची, छोटी हॅचबॅक. एसी पूर्ण बंद नव्हता. रस्त्यावर गाडी पळत असली की बरा गार वारा यायचा. राजकमल चौकात सिग्नलला उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत जाळीतून गरम झळ. सिग्नल सुटला, थोडं पुढे गेलं की पुन्हा गार. एवढ्या एका लक्षणातच सगळं निदान होतं, हे आज कळतंय. तेव्हा मला ते कळलं नाही, आणि ज्याला कळलं त्याने सांगितलं नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. मालकाने बॉनेट उघडलं, आत हात घालून एक पाइप चाचपला आणि म्हणाला, "ताई, गॅस संपला. दर उन्हाळ्यात भरावा लागतो." गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं नाही, लीकेज तपासलं नाही. गॅस भरला, मग "कंडेन्सरवर धूळ बसली आहे, धुऊन देतो" म्हणत पोऱ्याने त्या कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीवर, नळीने पाण्याचा मारा केला. पाच मिनिटांत आतल्या एसीच्या जाळीला लावलेला थर्मामीटर 8 अंशांवर आला. मी खूश झाले आणि 2,400 रुपये दिले. संध्याकाळचे सात वाजले होते, रस्ता मोकळा होता, घरी येईपर्यंत एसी मस्त चालला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजकमलला पुन्हा तीच झळ.

परत गेले तर म्हणाला, "मग कॉम्प्रेसरच गेला." म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप. पुण्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरचा फोटो काढून पाठव, नव्याची किंमत बघतो. मी मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढला आणि पाठवला. त्याची किंमत बघून होईपर्यंत इकडे गॅरेजवाल्याने 16,500 वर सौदा केला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर होता, आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं. मी हो म्हटलं. दोन दिवस गाडी ठेवून घेतली. आणायला गेले तेव्हा गाडीसमोर मोठा पेडेस्टल फॅन सुरू होता, थेट बॉनेटच्या दिशेने. मला वाटलं, काम करणाऱ्या पोरांसाठी लावलाय. आत बसून बघितलं तर एसी बर्फासारखा. जुना कॉम्प्रेसर मागितला तर "भंगारात गेला ताई" असं उत्तर मिळालं. बिल म्हणून साध्या कागदावर दोन ओळी. छापील बिल मागितल्यावर, त्यावर जीएसटी लागेल म्हणाला. मी आग्रह धरला नाही. नशीब, दोन्ही वेळा पैसे यूपीआयने दिले होते.

आईला घेऊन नागपूरला निघाले, तर नांदगाव पेठच्या टोलनाक्यावर रांग होती. सकाळचे अकरा वाजले असतील. गाड्या इंच-इंच सरकत होत्या आणि एसीने पुन्हा गरम फुंकायला सुरुवात केली. काचा खाली केल्या तर बाहेरची हवा त्याहून वाईट. आई 71 वर्षांची, बीपीची गोळी चालू. ती काही बोलली नाही, फक्त पदराने मान पुसत राहिली. तिवसा येईपर्यंत तिला गरगरायला लागलं. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली अर्धा तास थांबलो, ओला रुमाल तिच्या डोक्यावर ठेवला. 18,900 रुपये गेल्याचं दुःख आहेच, पण तो अर्धा तास मी त्या माणसाला माफ करू शकत नाही.

परतल्यावर ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने बडनेरा रोडवरच्या एका वायरमन काकांचं नाव सुचवलं. काकांनी पहिल्यांदा विचारलं, "बंद आहे की उभं राहिल्यावर गरम होतो?" मी सांगितलं. त्यांनी गाडी सुरू करून एसी लावायला सांगितलं, उन्हातच उभी ठेवली आणि मला बॉनेटसमोर बोलावलं. "हा पंखा बघा. फिरतोय का?" माझ्या गाडीत समोर दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा. कंडेन्सरचा जागचा हलत नव्हता. रेडिएटरचा ठीक होता, म्हणून इंजिनचा काटा कधी वर गेला नाही आणि मला शंकाही आली नाही.

मग त्यांनी गेज लावलं. निळा काटा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. लाल काटा 250 वरून 300, मग 350 पीएसआय असा चढत गेला आणि थोड्या वेळाने टक्कन आवाज होऊन कॉम्प्रेसर बंद पडला. काकांनी समजावलं: गाडीतली उष्णता गॅस घेतो आणि कंडेन्सरमध्ये बाहेर टाकतो. तिथे वारा मिळाला नाही की दाब वाढतो, आणि काही फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गाडी पळताना समोरचा वारा पंख्याचं काम करतो. नळीचं पाणीही करतं. पेडेस्टल फॅनही करतो. हे ऐकलं आणि गॅरेजमधली ती दोन्ही दृश्यं माझ्या डोळ्यांसमोर आली.

त्यांनी बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) कशाचा ते छापलेलं असतं. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता. तो काढून पंख्याच्या जागी बसवला आणि पंखा फिरायला लागला. जुना रिले स्क्रूड्रायव्हरने उघडून माझ्या तळहातावर ठेवला. आतला छोटा कॉन्टॅक्ट जळून कोळशासारखा काळा झाला होता. नव्या रिलेचे 220 रुपये, मजुरी 150.

एसी तरी जरा जड चालत होता. काकांनी गॅस मोजणाऱ्या मशीनवाल्याकडे पाठवलं. बॉनेटच्या स्टिकरवर 400 ग्रॅम लिहिलंय, मशीनमध्ये निघाला 560. म्हणजे आधी गॅस पुरेसा होता आणि त्यावर आणखी कोंबला. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठून तरी गळतो आहे. ती गळती न शोधता भरून देणारा तुम्हाला पुढच्या वर्षी परत बोलावण्याची सोय करतोय, असं मी तरी आता मानते. आणि कॉम्प्रेसर खरंच बदलला असता तर सगळा गॅस काढून, व्हॅक्यूम करून नव्याने भरावा लागला असता. मग 560 आला कुठून?

काकांनी खाली वाकून टॉर्च मारला. कॉम्प्रेसरच्या बोल्टांवर सात वर्षांचा तेलकट चिखल तसाच, पान्याचा एक ओरखडा नाही. मी स्टिकरचा नवा फोटो काढला आणि दादाला पाठवलेला जुना उघडला. तोच नंबर, स्टिकरचा तोच फाटलेला कोपरा.

दोन्ही फोटो, 560 ग्रॅमची पावती आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन, सहकाऱ्याला बरोबर घेऊन मी गॅरेजवर गेले. मालकाने आधी आवाज चढवला, मग "पोरांकडून चूक झाली" वर आला. 8,000 परत दिले. उरलेल्यासाठी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

तुमची गाडीही पळताना गार आणि उभी राहिली की गरम होत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी एसी लावून, समोरून वारा-पाणी काही न घेता, उन्हात दहा मिनिटं उभी ठेवा आणि तो पंखा फिरतो का ते स्वतः बघा. हात मात्र लांब ठेवा, तो कधीही अचानक सुरू होतो. गॅरेजमध्येही गाडी ताब्यात घेताना अशीच उभी करून बघा. कामाला देण्याआधी कॉम्प्रेसरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगा. माझ्याकडे तो फोटो होता तो केवळ दादाने मागितला म्हणून.