सालगड्याच्या तासांसाठी हजेरी मस्टर: वर्षभर वापरून

गेल्या पाडव्याला मामांचं साल ठरलं, त्याच आठवड्यात हे मस्टर आणलं. मामा आमचे सालगडी, वयाने मोठे. मस्टर लांबट, जाड पुठ्ठ्याचं. डावीकडे नाव, पुढे 1 ते 31 रकाने, शेवटी एकूण दिवस, दर, उचल, बाकी.

कागद उत्तम आहे. गोठ्याच्या कोनाड्यात पावसाळा काढला, पण शाई फुटली नाही आणि शिवणही उसवली नाही. उचलीचा रकानाही ऐसपैस आहे.

खरी अडचण रोजच्या चौकोनाची. त्यात ‘ह’ किंवा ‘गै’ एवढंच मावतं. रोजंदारीला ते पुरतं, सालगड्याला नाही. आषाढात पाऊस लागला की मामा दोन तासांत परत येतात. हरभऱ्याच्या दिवसांत लाइट रात्रीची असली की बाराला मोटार चालू करून पहाटेपर्यंत पाणी भरतात आणि सकाळी पुन्हा धारा काढायला हजर. मस्टरात दोन्ही दिवस सारखेच, एकेक ‘ह’.

दिवाळीनंतर मी प्रत्येक चौकोनात तिरकी रेघ मारायला लागले. वर दिवसाचे तास, खाली रात्रीचे. जानेवारीची बेरीज आली दिवसाचे 186, रात्रीचे 71, एकूण 257. रोजचे 8 धरून 26 दिवसांचे होतात 208. सालाच्या रकमेचा बारावा हिस्सा 257 ने भागला, तर तासाचा आकडा किमान वेतनाच्या खाली गेला. मला फार वाईट वाटलं. साल चांगलं दिलंय, अशीच आमची घरात समजूत होती. जास्तीच्या तासांना तर निदान दुप्पट दर द्यावा लागतो. फरक होळीआधी चुकता केला आणि या पाडव्याला रात्रीच्या पाण्याचे पैसे वेगळे ठरवले.

सालाने ठेवलेल्या माणसाला किमान वेतन लागू नाही, असं गावात अजून बोललं जातं. ते चूक आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीकाम होतंच, आणि आता त्या कायद्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता आहे. माणूस कामाला तयार आहे आणि आपल्याकडेच काम नाही, तर त्या दिवसाची मजुरी कापायची नसते. म्हणून पावसाच्या दिवशी मी चौकोनात ‘पा’ लिहिते आणि दिवस पूर्ण धरते.

रोजंदारीची माणसं असतील तर हे मस्टर डोळे झाकून घ्या. सालगडी किंवा महिन्याने ठेवलेला माणूस असेल तर मोठ्या चौकोनांचं बघा, नाहीतर साध्या फुलस्केप वहीत स्वतः रकाने आखा. मी यंदा तेच केलंय.

आणखी एक उणीव राहिली. माणसाच्या सहीला यात जागाच नाही. महिनाअखेर मी मामांना सगळे तास वाचून दाखवायचे आणि सही समासात घ्यायचे. नव्या वहीत त्या सहीसाठी पहिल्यांदा रकाना आखला, मग तारखा.