महाप्रसाद, शाळेचा आहार, उरलेलं अन्न: गोव्यात आधी काय काढावं? नोंदणी, प्रशिक्षण की मानांकन?

देवस्थानाची समिती, शाळांना मध्यान्ह आहार पोचवणारा महिला बचत गट आणि लग्नाच्या हॉलमधून उरलेलं जेवण उचलून वाटणारं युवक मंडळ. तिघेही एकच विचारतात: सर्टिफिकेट कुठलं काढायचं? उत्तर मात्र तिघांचं वेगळं आहे, कारण 'सर्टिफिकेट' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू येतात.

नोंदणी किंवा परवाना ही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ची अट आहे. तिथे निवडीचा प्रश्नच नाही. प्रशिक्षण माणसाला मिळतं आणि तो माणूस गट सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं. मानांकन जागेला मिळतं. अग्रशाळेतलं (देवळाच्या धर्मशाळेतलं) रांधप नव्या शेडमध्ये हलवलं की जुना कागद भिंतीपुरताच राहतो. पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते या फरकावरून ठरतं.

नोंदणी की परवाना

दोन्हींचा अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो. हे पोर्टल २०२० च्या जूनमध्ये ज्या पहिल्या राज्यांत सुरू झालं त्यांत गोवा होता. आपल्याकडचं कार्यालय म्हणजे बांबोळीचं अन्न व औषध प्रशासन संचालनालय.

परवाना-नोंदणीच्या २०११ च्या नियमावलीत छोट्या व्यवसायाच्या व्याख्येतच 'धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणारे' हे शब्द आहेत, केटरर मात्र वगळून. म्हणजे फुकट वाटतो म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा. समितीच्या स्वयंपाकघरात समितीची माणसं रांधत असतील तर नोंदणी समितीची. कंत्राट केटररला दिलं असेल तर परवाना त्याचा, आणि त्याच्या चौदा आकडी क्रमांकाची प्रत समितीच्या फाइलमध्ये हवी.

त्याच नियमावलीत छोट्या व्यवसायाला वर्षाला १२ लाखांची उलाढाल आणि दिवसाला १०० किलो किंवा लिटर उत्पादन अशी मर्यादा घातली होती. या मर्यादा कायमच्या दगडावरच्या रेघा नव्हेत, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा पाहावा. पण हिशेब कसा करायचा ते लक्षात घ्या. उच्च प्राथमिकच्या मुलाला पीएम पोषणच्या (मध्यान्ह आहार योजनेच्या) निकषाप्रमाणे १५० ग्रॅम धान्य. ३०० मुलांचा भाताचा दिवस असला तर ४५ किलो तांदूळ, आणि शिजल्यावर तो अडीच पट धरला तरी ११० किलोच्या वर भात. डाळ-भाजी अजून मोजलेलीच नाही. दोन-तीन शाळा घेणारा बचत गट 'आम्ही बारीक आहोत' म्हणत नोंदणीवर राहतो आणि तपासणीला कोणी आलं की अडकतो. चालू मर्यादा ओलांडणाऱ्या गटाने सरळ राज्य परवान्याचा अर्ज करावा.

नोंदणीला फॉर्म ए, फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि वर्षाला १०० रुपये असं सोपं काम असतं. परवान्याला फॉर्म बी लागतो. त्यासोबत जागेचा आराखडा, उपकरणांची यादी आणि पाण्याचा तपासणी अहवाल. अर्ज परत येतो तो मात्र क्षुल्लक कारणांनी. व्यवसायाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. पत्ता गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरचा आणि रांधप दुसऱ्या वाड्यावर, असं असतं. प्रत्येक जागेला वेगळा क्रमांक लागतो हे कोणी सांगितलेलं नसतं. देवस्थानांत तर हमखास होणारी चूक म्हणजे खजिनदाराच्या वैयक्तिक नावावर अर्ज. समिती बदलली की तो कागद नव्या खजिनदाराच्या नावावर चढत नाही. अर्ज देवस्थानाच्या नावानेच करावा, सोबत सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव जोडावा.

प्रशिक्षण: खरा फायदा इथेच

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 'फॉसटॅक' हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ पासून चालतो. केटरिंगचा बेसिक वर्ग अर्ध्या दिवसाचा, ॲडव्हान्स्ड पूर्ण दिवसाचा. शेवटी चाचणी, मग दोन वर्षं चालणारं 'फूड सेफ्टी सुपरवायझर'चं प्रमाणपत्र. परवानाधारकांसाठी दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हा नियम आहे. नोंदणीवाल्यांना बेसिक पुरतो. परवानावाल्यांनी ॲडव्हान्स्डच घ्यावा.

कोणाला पाठवायचं, यात बहुतेक समित्या चुकतात. अध्यक्ष जातात, फोटो निघतो, आणि टोपाजवळ उभा असलेला आचारी कोराच राहतो. आमच्या मते किमान दोघं जावीत: एक चुलीपाशी असणारी आणि एक गाडीबरोबर जाणारी. आचारी कर्नाटकातून आलेला असेल तर वर्ग कुठल्या भाषेत आहे हे आधी विचारा. मराठी-कोकणीतला उत्तम वर्गही त्याच्या कामाचा नाही. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो, म्हणून वर्ग चतुर्थी आटोपल्यावर, दसऱ्याच्या आसपास लावावा. जत्रेच्या आठवड्यात कोणी येत नाही.

वर्गात शिकलेलं स्वयंपाकघरात कसं दिसतं, ते चण्याच्या तोणकाच्या (वाटण घातलेल्या उसळीच्या) एका चाळीस लिटरच्या टोपावर पाहू. सकाळी नऊला उकळी आली, टोप उतरवून झाकला, पंगत दीडला. वरून वाफ दिसते म्हणून सगळे निश्चिंत. साडेचार तासांत टोप हळूहळू निवत जातो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे उकळीला न मरणारे बीजाणू रुजून ४५ अंशांच्या आसपास झपाट्याने वाढतात. टोप जितका मोठा आणि खोल, तितका तो या पट्ट्यात जास्त वेळ राहतो. शिवाय त्याच्या पोटात हवाही नसते, जी या जंतूला नकोच असते. भाताचा शत्रू वेगळा, बॅसिलस सेरियस हा जंतू. त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून 'वाढताना परत तापवू' हा उपाय भाताला चालत नाही.

नियम असा: गरम वाढायचं अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. शाकाहारी पदार्थ आतून ६५ अंशांवर दोन मिनिटं, मांसाहारी ७५ अंशांवर १५ सेकंद. यासाठी सळईचा थर्मामीटर लागतो, आणि तो टोपाच्या मध्यावर, अर्ध्या खोलीपर्यंत बुडवून वाचायचा. कडेला लावला तर भांड्याचं तापमान कळतं, तोणकाचं नव्हे. महिन्यातून एकदा बर्फ कालवलेल्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का ते पाहावं. मोठा टोप मंद जाळावरच ठेवावा, नाहीतर तोणाक लहान उष्णतारोधक डब्यांत गरमागरम भरून झाकणं लावावीत.

आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे नारळाचं वाटण आदल्या रात्री काढून ठेवणं. खवलेल्या नारळाला बऱ्याच हातांचा स्पर्श झालेला असतो, आणि पावसाळी दमट रात्रीत ते सकाळपर्यंत आंबूस होतं. वाटण त्याच सकाळी करावं. जमत नसेल तर फ्रीजमध्ये पातळ थरात ठेवावं, पातेलंभर गोळा नको. वाटण घातल्यावर 'एक कढ आला की पुरे' ही घरची सवय तीनशे माणसांच्या टोपाला पुरत नाही. मध्यभागाचं तापमान मोजून मगच उतरवा.

पानं, कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर यांना ५० पीपीएम क्लोरीनचं पाणी लागतं. ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण लिटरला १ मिली, म्हणजे २० लिटरच्या बादलीला २० मिली. नंतर साध्या पिण्याच्या पाण्याने धुवायचं. सुगंधी ब्लीच वापरू नये. हे सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

मानांकन: भोग, आयएसओ

देवस्थानांसाठी एफएसएसएआयने २०१८ मध्ये 'भोग' ही योजना आणली. आता ती 'ईट राइट प्लेस ऑफ वर्शिप' या नावाने चालते. क्रम असा: आधीचं ऑडिट, त्यात निघालेल्या उणिवा दुरुस्त करणं, हाताळणाऱ्यांचं फॉसटॅक प्रशिक्षण, शेवटचं ऑडिट, मग दोन वर्षांचं प्रमाणपत्र. म्हणजे प्रशिक्षण यात आहेच. भोग काढणाऱ्याने फॉसटॅकचा वेगळा खर्च दुबार धरू नये.

वर्षभर रोज प्रसाद असेल तर भोग काढायला हरकत नाही. वर्षातून चार-पाच मोठी संतर्पणं आणि एरवी नैवेद्यापुरतं रांधप असेल, तर आमचं मत नको असंच आहे. जुन्या अग्रशाळेत ऑडिटला अडतं ते बांधकामावर: कौलांखाली छत नाही, वटवाघळांची लीद, जांभ्या दगडाच्या जमिनीच्या भेगांत पाणी मुरतं, गटार स्वयंपाकघरातूनच जातं, विहीर आणि सांडपाण्याची जागा जवळजवळ. हे सुधारणं चांगलंच, पण त्यासाठी थांबून प्रशिक्षण पुढच्या वर्षावर ढकलू नये. पाण्याची तपासणी मात्र कुठल्याही परिस्थितीत करा, विहिरीचं असेल तर पावसाळ्यानंतर परत.

आयएसओ २२००० हे अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे कागदपत्रांचं जंगल आहे. अनेक संस्थांना पुरवठा करणाऱ्या, पगारी व्यवस्थापक असलेल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराला ते पेलतं. बचत गटाला नाही.

शाळेच्या आहाराला आणखी एक वेगळी रीत आहे: वाढण्याआधी दोन-तीन मोठ्यांनी, त्यांत एका शिक्षकाने, चव घेऊन नोंद करायची. गोव्यात रांधप गटाच्या जागी होतं आणि जेवण गाडीने शाळेत येतं, त्यामुळे ही चव शाळेत पोचल्यावर घ्यावी. निघताना ठीक असलेली भाजी फेरीबोटीच्या रांगेत तासभर थांबून आंबलेली असू शकते. गटाने निघण्याची वेळ आणि तापमान डब्यावर चिकटवावं. तक्रार आली तर चूक रांधपात की वाटेत, हे त्यावरून कळतं.

उरलेलं अन्न वाटणाऱ्यांसाठी

यांचा कायदा निराळा: २०१९ ची उरलेल्या अन्नाची नियमावली, १ जुलै २०२० पासून लागू. वाटणाऱ्या संस्थेला नोंदणी किंवा परवाना लागतोच. डब्यावर पदार्थाचं नाव, कोणाकडून आला, बनवल्याची तारीख, शाकाहारी की मांसाहारी, कधीपर्यंत खावं, एवढं हवं. इथे मानांकनाचा विचार शेवटी करा. आधी नाही म्हणायला शिकलेला माणूस गाडीवर हवा. बुफेच्या टेबलावर मांडलेलं, पाहुण्यांचे चमचे पडलेलं अन्न घेऊ नका. आत टोपात राहिलेलं, झाकलेलं आणि मोजून ६० अंशांवर असलेलंच घ्या. मासळीचं हुमण, सोलकढी, क्रीमचे केक रात्री अकरा वाजता कोणी कितीही प्रेमाने दिले तरी परत करावेत. हॉलच्या मॅनेजरशी हे आधीच, लेखी ठरवलेलं असलं तर त्या वेळी वाद होत नाही.

बजेट अगदी तुटपुंजं असेल तर क्रम असा लावा: नोंदणी, पाण्याची तपासणी, दोन थर्मामीटर, दोघांचं बेसिक प्रशिक्षण, मग उष्णतारोधक डबे. रांधणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस यातच येते, ती नोंदणीच्या फाइलला लावून ठेवा. भोगचं ऑडिट सहाव्या क्रमांकावर, आणि तेही अग्रशाळेच्या गटाराचं काम संपल्यावर.